पत्त्यांच्या यादीवर ओपनरिफाइन: सात महिन्यांच्या वापरानंतर

टपालाने अंक पाठवायच्या यादीवर दर महिन्याला ओपनरिफाइन (याद्यांतली माहिती साफ करणारं संगणकी साधन) चालवून झालेलं मत असं: शब्द खुशाल त्याच्या हवाली करा, आकडे नकोत.

सुरुवात आयात करतानाच बिघडू शकते. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आधी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की शून्याने सुरू होणाऱ्या पोस्टल कोडचं शून्य गळतं. भारतातला सहा आकडी पिन शून्याने सुरू होत नाही, म्हणून हे कुणाच्या ध्यानात येत नाही; अमेरिकेतले वर्गणीदार असले की पाकिटं परत येतात. त्यामुळे फाइल थेट ओपनरिफाइनमध्येच घ्या, एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ ठेवा आणि मजकुराचे आकडे करण्याची खूण काढा. पहिल्या रकान्यात वर्गणीदार क्रमांक हवाच. तिथे रिकामे कप्पे असले तर 'रेकॉर्ड' पद्धतीत खालच्या ओळी वरच्या ओळीला जोडल्या जातात, आणि एक ओळ काढायला जावं तर चार जातात. मूळ पत्त्याची एक प्रत शेजारच्या रकान्यात ठेवून तिला हात लावू नका.

मग ट्रिम (कडेच्या स्पेस छाटणं) आणि मधल्या जादा स्पेस काढणं. वेबपानावरून चिकटवलेल्या पत्त्यांत कधी न तुटणारी स्पेस असते. दिसायला साधीच, जुळवणीत मात्र वेगळी. ती स्वतंत्रपणे साध्या स्पेसमध्ये बदलून घेतली की शंका राहत नाही. देवनागरी (१, २) आणि इंग्रजी (1, 2) आकड्यांची सरमिसळही इथेच काढून एकच पद्धत ठेवा. गावाच्या रकान्यावर टेक्स्ट फॅसेट (रकान्यातली वेगवेगळी नावं आणि प्रत्येक किती वेळा आलं याची यादी) लावून संख्येप्रमाणे क्रम लावला की तळाला एकेकदाच आलेली नावं दिसतात. निम्मी घाण तिथेच सापडते.

खरी करामत क्लस्टरची (सारख्या वाटणाऱ्या नोंदींचे गट पाडण्याची), आणि खरा धोकाही तिथेच. त्यातली 'फिंगरप्रिंट' (ठसा) पद्धत विरामचिन्हं काढते, शब्द वर्णक्रमाने लावते, दुबार शब्द गाळते आणि उरलेलं जुळवते. 'रोड, स्टेशन' आणि 'स्टेशन रोड' त्यामुळे छान एकत्र येतात. पण 'फ्लॅट ४, इमारत १२' आणि 'फ्लॅट १२, इमारत ४' यांचाही ठसा एकच! घर क्रमांक १/२३ आणि १२/३ यांच्यातली तिरकी रेघ निघाली की दोन्ही १२३. हे गट डोळे झाकून 'मर्ज' (एकत्र) केले तर दोन बिऱ्हाडांचं टपाल एकाच दारात. म्हणून संपूर्ण पत्त्याच्या रकान्यावर क्लस्टर लावूच नये. आधी घर क्रमांक, इमारत, रस्ता, गाव, पिन असे रकाने फोडा, आणि क्लस्टर फक्त इमारत, रस्ता, गाव यांवर.

ह्रस्व-दीर्घ आणि सुटलेल्या हलन्तासाठी (पाय मोडण्याच्या चिन्हासाठी) लेव्हेनश्टाइन ही क्लस्टरचीच दुसरी पद्धत बरी; एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं बदलावी लागतात ते ती मोजते. 'विद्यानगर' आणि 'विदयानगर' यांत एकाच चिन्हाचं अंतर आहे, त्रिज्या (चालणारं जास्तीत जास्त अंतर) १ पुरते. ब्लॉकची (तुलनेआधी दोन नावांत सलग किती चिन्हं सारखी हवीत त्याची) मूळ ६ ही किंमत छोट्या नावांना जाचक, ३ करा. त्रिज्या २ केली की भलतीच नावं शेजारी बसतात. 'गल्ली ४' आणि 'गल्ली ५' तर १ वरही जुळतात, तेव्हा आकडा असलेली ओळ मर्जच्या खुणेतून काढायची. मेटाफोन (उच्चारावरून जुळवणारा प्रकार) इंग्रजी उच्चारांवर बेतलेला आहे. देवनागरी यादीत त्याच्या वाटेला जायचं नाही.

अनडू-रीडू (केलेल्या बदलांची नोंद) मधून पायऱ्या एक्स्ट्रॅक्ट करून (काढून घेऊन) पुढच्या महिन्याच्या फाइलवर अप्लाय (लागू) करता येतात. ही सोय मोठी, पण ती क्लस्टर पुन्हा चालवत नाही. मागे 'या नावाचं ते करा' असं जे ठरलं तेवढंच लागू होतं, नवी चूक तशीच राहते. एकेक कप्पा हाताने दुरुस्त केलेला असेल तर ते त्या पायऱ्यांत येतच नाही. दुबार ओळी काढण्यासाठी क्रम लावला असेल तर तो आधी कायमचा करून घ्या. नुसता लावलेला क्रम फक्त पडद्यावर असतो. दुबार म्हणून सापडलेली नावं लगेच पुसू नयेत. एकाच घरात दोन वर्गणीदार असू शकतात.

पत्ता खरोखर अस्तित्वात आहे का, हे ओपनरिफाइनला कळत नाही. बाहेरच्या सेवेकडून तपासून घेण्याची सोय आहे, पण मग एरवी संगणकातच राहणारे पत्ते बाहेर जातात, हे वर्गणीदारांना चालेल का ते आधी ठरवा. त्यापेक्षा परत आलेल्या पाकिटावरचा शेरा वेगळ्या रकान्यात नोंदवलेला बरा: 'पत्ता अपूर्ण' असेल तर ओळ दुरुस्तीला घ्यायची, 'घर सोडले' असेल तर नवा पत्ता येईपर्यंत यादीबाहेर ठेवायची.