कार्टूनमधले छुपे राजकीय संदेश शोधायचं वर्कशॉप, दादर – अडीच स्टार

आयोजकांचं नाव मुद्दाम देत नाहीये, माणसं साधी होती आणि चहा खरंच चांगला होता. तसंही दादर पश्चिमेला दर रविवारी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये पालकांसाठी असलं काहीतरी चालूच असतं, ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील.

झालं असं की वहिनीने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, "तुमचं मूल नक्की काय बघतंय? कार्टूनमागचं राजकारण ओळखा", फी ४९९, पुस्तिका हवी असेल तर वर १५० आणि बायको म्हणाली तूच जा, तूच तिला दिवसभर टीव्ही लावून देतोस. ह्यावर बोलायला जागा नव्हती. मेगाब्लॉक, गोरेगावहून गचागच भरलेली गाडी, अकरा शार्प लिहिलं होतं म्हणून धावत पोचलो तर अकरा पस्तीसला प्रोजेक्टरची वायर शोधणं चालू होतं.

सर (सगळे सरच म्हणत होते) बोलायला फर्डे. पहिला अर्धा तास स्मर्फ. ते निळे बुटके हो, पांढऱ्या टोप्यांचे. तर म्हणे म्होरक्याची टोपी लाल, दाढी पांढरी, म्हणजे कार्ल मार्क्स, सगळ्यांचे कपडे सारखे, गावात पैसा नाही आणि त्यांना पकडून सोनं बनवू बघणारा गार्गामेल म्हणजे भांडवलदार. शिवाय नावाच्या इंग्रजी अक्षरांचा कोड, सोशलिस्ट मेन अंडर रेड फादर. हॉलमध्ये "आईशप्पथ" असा आवाज आला. तेवढ्यात मागून एक काका उठले, म्हणाले अहो सर, पण हे मूळचे बेल्जियमचे ना, पेयो नावाच्या चित्रकाराने १९५८ साली काढलेले, फ्रेंचमध्ये ह्यांना श्त्रुम्फ म्हणतात, मग कोड इंग्रजीत कसा बसला? सर म्हणाले, "म्हणूनच तर तो छुपा आहे." काका बसले. बिचारे बसणारच, ह्याच्यावर कोण काय बोलणार.

पुढच्याच स्लाइडवर फ्रान्सच्या अंत्वान ब्युएनोचं २०११ सालचं पुस्तक, त्यात म्हणे ह्याच स्मर्फांच्या गावात स्टालिनशाही आणि नाझी राजवट दोन्हीच्या खुणा सापडतात. सरांना ते पुराव्यावर पुरावा वाटलं. मला वाटलं, एकाच टोपीतून स्टालिन पण निघतो आणि हिटलर पण निघतो तर उद्या त्यातून आमचा नगरसेवक सुद्धा निघेल.

मग टेलिटबीज, ती अगदी लहान पोरांची ब्रिटिश टीव्ही मालिका. त्यातला तो जांभळा, डोक्यावर त्रिकोण, हातात लाल पर्स. अमेरिकेतले पाद्री जेरी फॉलवेल ह्यांच्या मासिकाने १९९९ साली ह्या रंगावरून, त्रिकोणावरून आणि पर्सवरून तो समलिंगी असल्याचं ठरवून पालकांना सावध केलं होतं, तेव्हा जगभर हसं झालं होतं त्याचं. सर मात्र हसायला नाही, उदाहरण म्हणून सांगत होते. जांभळ्यावर वीस मिनिटं. माझ्या पुढच्या खुर्चीत एक आजी होत्या, त्यांच्या डायरीत मला स्पष्ट दिसलं, "जांभळा – टाळणे", खाली दोन रेघा. नातवाचं काय होणार देव जाणे.

आता जे चांगलं होतं ते पण सांगतो. डोनाल्ड डकचा भाग जबरदस्त होता. १९७१ साली चिलीमध्ये डॉर्फमन आणि मातलार ह्या दोघांनी डिस्नेच्या कॉमिक्सवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की ह्या गोष्टींत आईबाप कुणालाच नाहीत, सगळे काका आणि पुतणे, आणि ही बदकं उठून गरीब देशांत जातात, तिथल्या भोळ्याभाबड्या लोकांकडून खजिना घेऊन येतात आणि ते लोक वर खूश असतात. १९७३ ला तिथे लष्कराने सत्ता घेतल्यावर ते पुस्तक जाळलं गेलं. पटो न पटो, इथे निदान गोष्टीत काय घडतं त्यावर बोलणं होतं, टोपीच्या रंगावर नाही. मी स्वतः लहानपणी रविवारी दूरदर्शनवर तीच बदकं बघत मोठा झालोय त्यामुळे कान टवकारून ऐकलं. पण सरांनी दहा मिनिटांत गुंडाळलं, वेळ जांभळ्यात गेला होता ना.

शेवटी प्रश्नोत्तरं आणि इथे माझं खरं दुखणं. एक ताई उठल्या, म्हणाल्या सर आमचा मुलगा घरात पाणी चाहिए म्हणतो, सगळी कार्टून हिंदीत लागतात, ह्यात राजकारण नाही का? अर्ध्या हॉलच्या माना हलल्या. कारण प्रत्येकाच्या घरात तेच चालू आहे. आमची सहा वर्षांची, मराठी शाळेत जाते, घरात सगळे मराठी आणि परवा सोफ्यावरून पडली तर रडत आली, "बाबा, मी गिरली." छोटा भीमच्या ढोलकपूरला जाऊन आलेली मुलगी अशीच बोलणार. सर म्हणाले, "तो भाषेचा विषय आहे, आपला विषय छुप्या संदेशांचा आहे."

अहो! बांगलादेशने २०१३ साली हिंदीतला डोरेमॉन बंद केला होता, का तर पोरं बंगाली सोडून हिंदी बोलायला लागली म्हणून. त्यात छुपं काय होतं? व्हॉल्यूम फुल करून चालू होतं सगळं. माझंही हिंदी त्या बदकांनीच पक्कं केलंय म्हणा, त्याचं मला वाईट वाटत नाही, पण निदान चर्चा तरी करा की. आपल्या पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनने १९७४ ला काढलेली ती छोटी कार्टून फिल्म 'एक अनेक और एकता', सरकारने सरकारी पैशाने एकजुटीचा संदेश दिला, तोही उघड उघड, आणि आज चाळिशीतल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, त्यातलं 'एक चिडिया' गाणं तोंडपाठ, हिंदीत.

चहाच्या वेळी मी सरांना जॉर्ज ऑर्वेलच्या पुस्तकावरून काढलेल्या १९५४ च्या 'ॲनिमल फार्म'बद्दल विचारलं, कारण त्या कार्टूनला खरोखरच सीआयएचा पैसा होता आणि पुस्तकाचा शेवटही त्यात बदलला होता, छुपं राजकारण पाहिजे तर हे घ्या ना! म्हणाले ते लहान मुलांचं नाही. बरं.

बाकी किरकोळ: एसी एकाच बाजूला लागतो, डावीकडे बसा. बटाटेवडा गार, चटणी संपलेली. चहाचा एक स्टार, बदकांचा एक, काकांचा अर्धा.

आणि पुस्तिका घेऊ नका. अख्खं वर्कशॉप रंगांवर आणि १५० रुपयांची पुस्तिका ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स, लाल आणि जांभळा दोन्ही करडे. मी घेतली ती आमच्या लेकीने संध्याकाळपर्यंत खडूंनी रंगवून टाकली. त्या म्होरक्या स्मर्फची टोपी हिरवीगार केलीय. मी विचारलं, अगं टोपी लाल असते ना त्याची, हिरवी का केलीस?

"लालचं टोक टूट गया."