एमएमआयचा सराव: घड्याळ चोख, परीक्षक अपुरे

पुण्यात कर्वे रस्त्याच्या बाजूला एका क्लासमध्ये चालणारा हा अर्ध्या दिवसाचा सराव. ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’, म्हणजे एमएमआय: वैद्यकीय प्रवेशासाठी एका लांब मुलाखतीऐवजी वेगवेगळ्या दालनांत ओळीने घेतलेल्या छोट्या मुलाखती, प्रत्येकीत एक प्रसंग.

आधी कुणी पैसे भरू नयेत ते. आपल्याकडे एमबीबीएसचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. वानवडीच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) मुलाखत असते खरी, पण ती एका मंडळासमोर. तिच्यासाठी हा सराव कामाचा नाही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे अर्ज करणाऱ्यांनी मात्र पुढे वाचावं.

वेळापत्रक उत्तम सांभाळलंय. दाराबाहेर लावलेला प्रसंग वाचायला 2 मिनिटं, आत 8 मिनिटं, मग घंटा. वाक्य अर्धवट राहिलं तरी उठायचं. सगळ्यात जमलेला भाग संवादाचा. शेजारच्या आजोबांनी मधुमेहाच्या गोळ्या सोडून गुळवेलीचा काढा धरलाय, त्यांच्याशी बोला. आजोबांची भूमिका करणाऱ्या शिक्षकांच्या कागदावर एक गोष्ट असते: गोळी घेतली की त्यांना घाम फुटतो, चक्कर येते. विचारलं तरच ती सांगायची. बहुतेक मुलं आल्या आल्या मधुमेहावर व्याख्यान देतात आणि गोळीने साखर फारच खाली जात असावी हा मुद्दाच हातचा जातो. काढ्याची चेष्टा केली की आजोबा गप्पच होतात, तेही बरोबर.

आता दोष, आणि तो लहान नाही. दालनं आठ, परीक्षक दोन. एकच माणूस त्याच मुलाला चारदा जोखतो. पहिल्या दालनात पोरगी छान बोलली की उरलेल्या तिन्ही ठिकाणी तिला झुकतं माप. अडखळली तर उलट. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ही पद्धत उभी राहिली (2004 साली तिच्यावरचा शोधनिबंध आला) ती नेमकी हे टाळायला. एका प्रसंगात चमकलेला उमेदवार दुसऱ्यात चमकेलच असं नसतं, म्हणून छोटे छोटे स्वतंत्र नमुने घ्यायचे. एका दालनात परीक्षक वाढवून फारसं साधत नाही, दालनं वाढवून साधतं. आणि प्रत्येक दालनाला आपला परीक्षक हवा, तो दिवसभर तिथेच. सगळे डॉक्टरच हवेत असंही नाही: परिचारिका, वरच्या वर्षाचे विद्यार्थी, गुण कसे द्यायचे हे नीट समजावलेला शहाणा पालकही चालतो.

दोन उमेदवारांनी मिळून करायच्या कामाचं दालनही इथे नाही. एकाने कागदाची घडी कशी घालायची ते सांगायचं, पाठमोऱ्या बसलेल्या दुसऱ्याने ती घालायची. याला लागतं काय, दोन खुर्च्या आणि रद्दी!

नीतिप्रश्नांना ‘चार तत्त्वांचं’ छापील टिपण देतात. ते घरीच ठेवावं. स्वायत्तता, हित, अहित टाळणं, न्याय असं पाढ्यासारखं म्हटलेलं परीक्षकाला लगेच ओळखू येतं. समोरच्या प्रसंगात कुणाचं काय बिघडणार आहे तेवढं बोलावं.

निकालाला फक्त बेरीज मिळते. दालनवार गुण मागून घ्या, आणि फी भरण्याआधी फोनवर परीक्षक किती ते विचारा.