सेव्हिलच्या एका तापास बारमधले नऊ महिने

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ऑक्टोबरमध्ये स्पेनमधल्या सेव्हिलला राहायला आलो. घरापासून पाच मिनिटांवर, काये फेरिया रस्त्याच्या आडगल्लीत, हा बार आहे. तापा म्हणजे छोट्या बशीत येणारा पदार्थ, आणि तापास हे त्याचं अनेकवचन. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी तिथे जातोच, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

जागा म्हणजे आपल्याकडची वन रूम किचन. एक लांब लाकडी काउंटर, टेबल म्हणून उभी केलेली दोन पिंपं आणि बाहेर फुटपाथवर चार टेबलं. दुपारी दीड ते चार आणि रात्री साडेआठनंतर स्वयंपाकघर चालू असतं. मधल्या वेळात भूक लागली तर ऑलिव्ह आणि चीजवर भागवायचं. आम्ही दीडच्या ठोक्याला पोचतो. अडीचला गेलात तर काउंटरपर्यंत हात पोचणं मुश्कील.

पहिला महिना आमचं खाणं चुकलंच. हॉटेलात बसून एकदम ऑर्डर द्यायची सवय, त्यामुळे सहा बशा एकदम मागवायचो आणि त्यातल्या तीन गार व्हायच्या. शेजारचे लोक मात्र दोन मागवायचे, संपवायचे, मग पुढच्या दोन. तसं करायला लागल्यापासून प्रत्येक गोष्ट कढईतून थेट पुढ्यात येते. दुसरी गोष्ट, बाहेर टेबलावर बसलं की इथे छोटा तापा देत नाहीत, ‘मेदिया’ म्हणजे अर्धी प्लेट किंवा पूर्ण ‘रासिओन’च घ्यावी लागते. दोघांत चार-पाच चवी बघायच्या असतील तर काउंटरवर उभं राहणंच बरं. छोटा तापा साडेतीन युरोच्या आसपास पडतो.

ज्यासाठी मी परत परत जाते तो पदार्थ म्हणजे एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, पालक आणि काबुली चणे. लसूण आणि पाव ऑलिव्ह तेलात तळून, जिरं घालून खलात कुटतात. त्यात लाल पाप्रिका आणि थोडं व्हिनेगर. हे वाटण पालकाला धरून ठेवतं, पाणी अजिबात सुटत नाही. वर तळलेल्या पावाचा एक तुकडा खोचलेला असतो, तो मोडून त्यानेच भाजी उचलायची. मूळचा हा इथल्या लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासातला, मांस वर्ज्य असलेल्या दिवसांतला पदार्थ, पण सेव्हिलमध्ये बारमाही मिळतो. मार्चमध्ये आई साताऱ्याहून आली होती. पहिल्या घासालाच म्हणाली, “अगं, यात जिरं आहे!” आणि नंतरचे तीन आठवडे तिने दुसरं काही मागितलं नाही. वांग्याचे तळलेले काप तिला तितकेच आवडले, कारण त्यावर सोडतात ती मिएल दे कान्या म्हणजे सरळ आपली काकवी.

मांसाहारींसाठी कासोन एन अदोबो घ्याच. कासोन म्हणजे लहान शार्क, आपल्या कोकणातल्या मोरीच्या जातीतली. व्हिनेगर, जिरं आणि ओरेगानोत मुरवून तळतात. नवऱ्याचं मत मोन्तादितो दे प्रिंगाला, भाजलेल्या छोट्या पावात शिजवून मऊ झालेलं डुकराचं मांस. टोर्टिया, म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, मात्र इथे कोरडी असते, ती मी आता घेत नाही.

शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवावं. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी हॅमची गणती कार्नेत होत नाही. आईसाठी सालमोरेखो मागवलं, टोमॅटो आणि पावाचं ते गार दाट सूप, तर वर हॅमचे बारीक तुकडे भुरभुरून आले. तिने चमचा खाली ठेवला तेव्हा मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून ‘सिन खामोन, सिन आतून’, हॅम नको, ट्यूना नको, असं नाव घेऊन सांगते.

हिशोब खडूने थेट लाकडी काउंटरवर, तुमच्या बशीशेजारी लिहितात. नवीन बशी आली की खाली नवा आकडा. पैसे दिले की ओल्या फडक्याने पुसून टाकतात. एकदा गर्दीत शेजाऱ्याची वाइन आमच्या रांगेत लागली. मी बोट दाखवल्यावर काउंटरवरच्या बाईंनी आकडा अंगठ्याने पुसला, ‘पेर्दोना, मि आर्मा’ म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मि आर्मा म्हणजे माझ्या जिवा. त्या सगळ्यांनाच तसं म्हणतात, तरी परक्या गावात मला ते दर वेळी बरं वाटतं. आईचे गुडघे दुखतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या भेटीपासून फ्रीजमागचं एकुलतं एक स्टूल आईसाठी बाहेर यायचं.

गोंगाट प्रचंड. भिंतींना टाइल्स, त्यामुळे आवाज घुमतो. निवांत बोलायचं असेल तर इथे येऊ नका, तान्ह्या बाळाला तर आणूच नका. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, सेमाना सान्तात, मिरवणुकांच्या गर्दीने सगळं कोलमडतं. आम्ही पाऊण तास उभे राहून तसेच परतलो. त्या दिवसांत तोरिखास मात्र चुकवू नका, पाव भिजवून, अंड्यात बुडवून तळलेला आणि मधात घोळलेला.

ऑगस्टभर बार बंद राहणार आहे, दारावर हाताने लिहिलेला कागद लागलाय. पालक-चणे घरी करून बघतेय, पण पावाचं वाटण अजून त्यांच्यासारखं बारीक होत नाही.