हप्ता आम्ही भरतो

‘कर्ज तुमच्या नावावर काढा, हप्ता आम्ही भरतो, वर दर महिन्याला हातात पैसे राहतील.’ सांगलीच्या विश्रामबाग, कुपवाड, मिरज या पट्ट्यात हे बोलणं पुन्हा कानावर येऊ लागलंय. या बोलण्यावर आम्ही कर्जाचे आठ लाख एका खासगी कंपनीत घातले, ते गेले आणि कर्ज मात्र आमच्या नावावर राहिलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्याच ओळखीतले एक सर हा प्रस्ताव घेऊन घरी आले. सोबत त्यांच्या मिसेस होत्या, मुलाच्या निकालाचे पेढे होते. अनोळखी माणूस असता तर आम्ही दारातूनच परत पाठवला असता. पण ओळखीच्या माणसाला तुमची नड माहीत असते. 2019 च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं होतं, 2021 ला पुन्हा शिरलं, साठवलेलं बरंचसं त्यात गेलं. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी तोंडावर आली होती. हे सगळं सरांना ठाऊक होतं. ‘मॅडम, भिताय कशाला? मी स्वतः बारा लाख टाकलेत. माझा हप्ता एकदा तरी चुकलाय का विचारा बँकेत.’ हे ते खरंच बोलत होते. तोपर्यंत त्यांचा हप्ता चुकला नव्हता.

हिशेब असा मांडला गेला. पगारावर आठ लाखांचं वैयक्तिक कर्ज, पाच वर्षं मुदत, 11 टक्के व्याज. हप्ता साधारण 17,400 रुपये. कंपनी महिन्याला पाच टक्के देणार, म्हणजे 40,000. हप्ता जाऊन साडेबावीस हजार शिल्लक. कागदावर ही आकडेमोड बिनचूक आहे, म्हणूनच ती शिकल्यासवरल्या माणसालाही पटते. शिक्षक, पोलीस, एसटीतले, महावितरणमधले, ज्यांचा पगार बँकेत जमा होतो आणि ज्यांना कर्ज पटकन मिळतं, अशीच माणसं या लोकांना हवी असतात.

आता हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करा. आठ लाख दिले आणि महिन्याला चाळीस हजार मिळाले, तर पहिले वीस महिने कंपनी तुम्हाला तुमचेच पैसे परत देत असते. या वीस महिन्यांत तिने एक रुपया कमावला नसला तरी तुमचा हप्ता वेळेवर जातो, तुम्ही चार जणांना अभिमानाने सांगता, आणि त्या चौघांचे पैसे आले की तुमचे पुढचे महिने निघतात. सरांचा न चुकलेला हप्ता हा एवढ्याचाच पुरावा होता. आमच्या गल्लीत बायकांची भिशी वर्षानुवर्षं चालते. तिथं प्रत्येकीने जेवढे घातले तेवढेच तिला मिळतात, आणि कुणाचे पैसे कुणाकडे गेले हे सगळ्यांना दिसतं. इथं महिन्याला पाच टक्के, म्हणजे वर्षाला साठ टक्के द्यायचे, वर आणणाऱ्याला कमिशन द्यायचं, ऑफिसचं भाडं, हॉटेलातले मेळावे. एवढा पैसा येतो कुठून, याला उत्तर एकच मिळायचं: ‘आमची टीम ऑप्शनमध्ये ट्रेडिंग करते.’ फ्युचर्स आणि ऑप्शन म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोक तोट्यात होते. ज्या बाजारात बहुतेकांचे पैसे बुडतात, तिथून ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम काढून देणं कुणालाही शक्य नाही. शेअर बाजारात खात्रीचा परतावा देण्याचं आश्वासन सेबीच्या नियमांत बसतच नाही. आश्वासन दिलं तिथंच फसवणूक दिसायला हवी.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते कागदांबद्दल. आमच्याकडे कागद भरपूर होते आणि सगळे खरे होते.

स्टॅम्प पेपरवरचा करार होता, नोटरी केलेला. नोटरीचा शिक्का सही तुमचीच आहे एवढंच सांगतो. धंदा कायदेशीर आहे, पैसे परत मिळतील, असं काहीही त्यात नसतं. करार इंग्रजीत, बारीक अक्षरांत. बायकोच्या भावाने नंतर नीट वाचला तेव्हा एक कलम सापडलं: बाजारातली जोखीम दुसऱ्या पक्षाला मान्य आहे. तोंडाने पाच टक्क्यांची हमी आणि कागदावर जोखीम आमची. शिवाय रकमेचा उल्लेख कुठेही ठेव म्हणून नव्हता, तो ‘हातउसने’ अशा अर्थाचा होता. पुढे ठेवींच्या कायद्यातून निसटायला तेवढी फट ठेवलेली.

कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेम करून लावलेलं, शेजारी जीएसटी नंबर, शेजारी ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. कंपनी कुणीही नोंदवू शकतं. उद्यम नोंदणी तर ऑनलाइन, फुकट आणि स्वतःच दिलेल्या माहितीवर होते. यातल्या एकाही कागदाने लोकांकडून पैसे गोळा करायची परवानगी मिळत नाही. लोकांच्या पैशांवर गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते. सल्लागाराचा नंबर ‘आयएनए’ने आणि शेअर दलालाचा ‘आयएनझेड’ने सुरू होतो. तो नंबर मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर नाव स्वतः शोधा, त्यांनी दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

‘पाच लाखांपर्यंत सरकारी विमा आहे’ हेही आम्हाला सांगितलं होतं. हा विमा बँकेतल्या ठेवींना असतो, दर ठेवीदारामागे दर बँकेत पाच लाखांपर्यंत, फेब्रुवारी 2020 पासून. पतसंस्थेतल्या ठेवींनासुद्धा तो लागू नाही, मग खासगी कंपनीला कुठून असणार?

आणि मग पुढच्या तारखेचा चेक. आठ लाखांचा, सहीशिक्क्याचा. तो हातात असल्यावर मन एकदम हलकं झालं होतं.

काही महिने पैसे आले. मग तारखा सरकू लागल्या. आधी सर्व्हर अपडेट, मग बँकेने खातं होल्ड केलंय, मग ऑडिट चालू आहे. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर मात्र शिल्लक रोज वाढताना दिसायची. वरच्या मंडळींनी सरांना आणि सरांनी आम्हाला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या: पोलिसात जाऊ नका, गेलात तर खाती गोठतील आणि सगळ्यांचे अडकतील. आणि चेक बँकेत टाकू नका, बाउन्स झाला तर तुमचं नाव शेवटी जाईल. या दोन्हींतून त्यांना हवा होता तो वेळ. चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. तो न वटता परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवावी लागते. समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस मिळतात, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते. 1881 च्या परक्राम्य लेख (चेक, हुंड्या) अधिनियमातली कलम 138 ची तक्रार अशी चालते. ‘थांबा, मिळतील’ म्हणत म्हणत आमच्या चेकची मुदत संपली. आमच्याबरोबरच्या एका निवृत्त गृहस्थांनी कुणाचं न ऐकता चेक टाकला, परत आल्यावर वकिलाकडून नोटीस दिली, आज त्यांची केस स्वतंत्र उभी आहे.

ऑफिसला कुलूप लागल्यावर आम्ही जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत गेलो. अशा प्रकरणांत महाराष्ट्राचा 1999 चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, तो लागतो. केंद्राचा 2019 चा अनियमित ठेव योजना बंदीचा कायदाही आहे. एमपीआयडीखाली मालमत्ता जप्त होऊन लिलावातून आलेली रक्कम गुंतवणूकदारांत वाटली जाते, पण त्याला वर्षं जातात आणि पूर्ण रक्कम मिळेलच असं नाही. ‘एकाने तक्रार केली की सगळ्यांची झाली’ असं समजून बरेच जण घरी बसले आहेत. तसं करू नका. प्रत्येकाने आपला जबाब आणि आपली रक्कम नोंदवायला हवी. पैसे खात्यातून गेले ते दाखवणारं बँक स्टेटमेंट, करार, चेकची झेरॉक्स, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, मेळाव्याचे फोटो, सगळं घेऊन जा आणि अर्जाची पोच घ्या. रोख दिलेल्यांचे हाल जास्त आहेत, त्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही.

बँकेला यातल्या कशाशीही देणंघेणं नसतं. कर्ज बायकोच्या सहीचं, हप्ता तिच्या पगारातून. कंपनीकडून पैसे येणं थांबल्यावर आमच्यासोबतच्या काहींनी पगारच दुसऱ्या बँकेत वळवायची खटपट केली, हप्ते थकले, सिबिल म्हणजे कर्जफेडीचा गुणांक घसरला, आता त्यांना मुलांसाठी शैक्षणिक कर्ज मिळायची मारामार आहे. आम्ही हप्ता थकायच्या आधी शाखेत जाऊन मॅनेजरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी मुदत वाढवून हप्ता खाली आणला. व्याज जास्त जाईल, पण घर चालतंय. थकल्यावर गेलो असतो तर हे झालं नसतं, असं त्यांनीच सांगितलं.

सरांचं काय, हे लोक विचारतात. त्यांचे बारा लाख खरंच गेले. त्यांना आमच्या आठ लाखांवर कमिशन मिळालं होतं, हेही खरं. आणि फसवी आश्वासनं देऊन दुसऱ्याला अशा योजनेत पैसे घालायला लावणं हा 2019 च्या कायद्यात गुन्हा आहे. उद्या तुम्हाला कुणी ‘चार जण आणा, दोन टक्के तुमचे’ म्हणालं, तर हे आठवा.

अलीकडे आणखी एक प्रकार सुरू झालाय. बुडालेल्यांच्या याद्या कुणाच्या तरी हाती लागल्यात, आणि फोन येतात: ‘तुमचं रिफंड मंजूर झालंय, आधी जीएसटी भरा, प्रोसेसिंग फी भरा.’ बोलणारा मुंबईच्या कोर्टाचं नाव घेतो, तुमची बुडालेली रक्कम रुपयापर्यंत बरोबर सांगतो. जप्तीतून पैसे वाटण्याआधी कोणतंही कोर्ट किंवा अधिकारी फोनवर फी मागत नाही. आमच्याबरोबरच्या एका ताईंनी यात उरलेले चाळीस हजारही घालवले. असं झालं असेल तर एक तासही न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच उपयोग. योजनेची माहिती रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही देता येते. आणि कुणाकडे अजून मुदतीतला चेक असेल, तर तो कपाटातून काढून उद्याच बँकेत टाका.