जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल: डीआय बरं की प्युजो?

जुनी थ्री-बी जीप (महिंद्राची सीजे-थ्री-बी) बघायला गेलात की बॉनेट उघडायच्या आधीच विकणारा सांगतो, "साहेब, डिझेल टाकलंय, ॲव्हरेजची काळजीच नको." बाकीच्या काळज्या तिथून सुरू होतात. मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन काढून आत काय बसवलंय, त्यावर तुमचे पुढचे कित्येक रविवार कसे जाणार ते ठरतं. मी बघितलेल्या गाड्यांत बहुतेक दोनच इंजिनं निघाली: महिंद्राचं २५२३ सीसी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल), नाहीतर प्युजो या फ्रेंच कंपनीचं डिझेल. डीआयवाली मी चार वर्षं चालवली. आता प्युजोवाली आहे.

आधी कागद. आरसीत इंधन 'डिझेल' आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर, दोन्ही जुळले पाहिजेत. इंजिन बदललं की मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओत नोंद लागते, आणि जानेवारी २०१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मूळ कंपनीच्या रचनेपेक्षा वेगळा बदल पास करून घेणं अवघडच झालंय. "नंतर करून देतो, आरटीओत आपला माणूस आहे" असं कोणी म्हणालं तर चहा प्यावा आणि निघावं.

डीआयची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. त्याचं मूळ ट्रॅक्टरच्या इंजिनात, त्यामुळे तालुक्याच्या गावातला ट्रॅक्टरचा फिटरसुद्धा ते न घाबरता उघडतो. थंडीत हीटर, म्हणजे चालू करण्याआधी इंजिन आतून तापवणारा प्लग, लागत नाही, किल्ली फिरवली की उठतं. चिखलात, दगडात, लो गिअरला ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवताही ओढत राहतं. शेत, धरणाच्या मागचा रस्ता, गडाच्या पायथ्यापर्यंतची वाट, एवढंच असेल तर पुढचं वाचायची तशी गरज नाही.

माझं बिनसलं ते डांबरी रस्त्यावर. थ्री-बीचा ॲक्सल रेशो ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून ॲक्सलला जाणारा शाफ्ट सव्वापाचपेक्षा जास्त वेळा फिरणार. सहाशे-सोळाच्या (६.००-१६ मापाच्या) टायरवर ताशी ६० किलोमीटरला इंजिन साधारण २४०० आरपीएमवर जातं. जास्त फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनाला ते चालायचं. डीआय मात्र ३२०० च्या आसपास संपतं, आणि संपण्याच्या बरंच आधी कुरकुरायला लागतं. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला उतरलो की पुढचा अर्धा तास इंजिन कानात चालूच. आरशात मागचा एक ट्रक तीन दिसायचे. सायलेन्सरचा ब्रॅकेट त्याच जागी दोनदा तुटला. शेजारी बसलेली बायको मुळशीपर्यंत बोलायची, मग हातवारे, आणि घाटात तेही बंद. क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधले रेशो ठरवणारे गिअर, बदला म्हणाले सगळे, पण फोर-व्हील असल्यामुळे पुढचा-मागचा दोन्ही ॲक्सल सारखे बदलायला हवेत. पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, चौकशी करून परत आलो, आणि गाडी विकायला काढली.

विकणाऱ्याला रेशो विचारू नका, त्याला माहीत नसतो. मागचं एकच चाक जॅकवर घ्या, दुसरं जमिनीवर राहू द्या, आणि गाडी न्यूट्रलमध्ये. शाफ्टवर खडूची खूण करून उचललेलं चाक बरोबर दोनदा फिरवा. शाफ्ट जितक्या वेळा फिरला तो रेशो.

प्युजोत दोन प्रकार आहेत आणि दोन्हींना लोक नुसतं 'प्युजो' म्हणतात: जुनं २११२ सीसीचं एक्सडीपी आणि नंतरचं २४९८ सीसीचं एक्सडी-थ्री-पी. दुसरं मिळालं तर उत्तम. ते ४००० पर्यंत मोकळं फिरतं, त्यामुळे त्याच ५.३८ वर ६०-६५ला गप्पा मारता येतात. माझ्या पाठीला तरी हा फरक पहिल्याच दिवशी कळला.

पण हे इंजिन एकदा उकळलेलं असेल तर हेड (इंजिनाचं वरचं झाकण) वाकलेलं असू शकतं, आणि तो खर्च तुमच्या डोक्यावर. म्हणून गाडी थंड बघा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बॉनेटवर हात टेकवत नव्हता. काही न बोलता दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत गेलो. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच काढून इंजिन चालू करायला लावलं आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते बघत उभा राहिलो. मग एक चढ चढवून आणली. ऑइलची कॅप काढल्यावर धुराचा भपका आला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पिस्टनच्या कडेने खाली उतरतंय असं समजा. हे डीआयलाही लागू.

आणखी एक, इंजिन कुठलंही असो. खाली झोपून सम्प, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, बघा. पुढचा ॲक्सल वर आल्यावर सम्पला लागत असेल तर तिथे घासल्याची चकचकीत खूण असते. माउंटिंगचे ब्रॅकेट चेसिसला नुसते वेल्डिंगने चिकटवलेत की पट्टी देऊन बोल्ट मारलेत, तेही तिथूनच दिसतं.

कामापुरती जीप हवी असेल तर डीआय घेणाऱ्याला मी अडवणार नाही. माझ्या प्युजोला डिसेंबरात सकाळी हीटरसाठी किल्ली धरून दहा-पंधरा सेकंद थांबावं लागतं. तेवढ्यात दुसऱ्या हाताने काचेवरचं दव पुसून होतं.