तक्रार कुठे टाकायची? पालिकेचं अ‍ॅप, ‘आपले सरकार’, सीपीग्राम्स की माहिती अधिकार

गटाराचं झाकण तुटलंय. उत्पन्नाचा दाखला मुदत उलटून गेली तरी हातात नाही. सातबाऱ्यावरचा फेरफार अडकलाय. पीएफचे पैसे लटकलेत. या चार दुखण्यांसाठी सरकारने चार वेगळी दारं ठेवली आहेत, पण बहुतेक जण गुगलवर पहिलं जे सापडेल त्याच दारात चारही तक्रारी नेऊन टाकतात. दोन-तीन आठवड्यांनी ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज येतो आणि झाकण होतं तसंच तुटलेलं.

पोर्टल निवडताना दोनच गोष्टी तपासा. उत्तराची मुदत कायद्याने घातली आहे की नुसत्या परिपत्रकाने? आणि ती चुकली तर कुणाच्या खिशाला चाट बसते? हे दोन प्रश्न विचारले की सगळ्या पोर्टलांचे सरळ दोन गट पडतात. पालिकेचं अ‍ॅप, ‘आपले सरकार’ आणि सीपीग्राम्स (केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल) ही विनंतीची दारं. लोकसेवा हक्क (ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा मिळण्याचा कायदा) आणि माहिती अधिकार ही हक्काची. विनंतीचं दार उघडायला सोपं असतं, फुकट असतं आणि छोट्या कामांना बऱ्याचदा पुरतं. मात्र तिथे अधिकाऱ्याने तुम्हाला गोल गोल उत्तर दिलं, तर त्याचं व्यक्तिशः काही बिघडत नाही.

पालिकेचं अ‍ॅप आणि हेल्पलाइन

खड्डा, कचरा, दिवाबत्ती, तुंबलेली गटारं यासाठी मंत्रालय गाठायची काही गरज नाही. मुंबईत 1916 हा क्रमांक आणि मायबीएमसी, पुण्यात पीएमसी केअर, इतर महापालिकांची आपापली अ‍ॅप. इथे तक्रार थेट प्रभागातल्या अभियंत्याच्या किंवा आरोग्य निरीक्षकाच्या यादीत जाऊन पडते, मधे कुणी हात लावत नाही. वेगाच्या बाबतीत बाकीची पोर्टलं याच्या जवळपासही येत नाहीत.

अडचण येते ती हद्दीची. रस्ता पालिकेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा, एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) की एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळ), हे रस्त्यावर कुठे लिहिलेलं नसतं. मुंबईतले पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्गच बघा. 2022 च्या अखेरीस ते देखभालीसाठी पालिकेकडे आले, त्याआधी ते एमएमआरडीएकडे होते. तक्रार चुकीच्या यंत्रणेकडे गेली की ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ एवढं एक वाक्य येतं आणि तक्रार बंद. ते वाक्य टाकून देऊ नका. ‘मग कुणाच्या अखत्यारीत?’ हा प्रश्न पुढे माहिती अधिकारात विचारताना ते कामाला येतं.

‘आपले सरकार’ म्हणजे दोन वेगळी पोर्टलं

हा घोळ आधी सोडवून घेऊ. ‘आपले सरकार’ नावाचं एक पोर्टल दाखले आणि परवान्यांसाठी आहे, सेतू केंद्रात जी कामं होतात ती घरबसल्या करण्याचं. दुसरं तक्रारींसाठी, 26 जानेवारी 2015 रोजी सुरू झालेलं. दाखल्यासाठी केलेल्या अर्जाचा क्रमांक तक्रारीच्या पोर्टलवर टाकून ‘काहीच दिसत नाही’ म्हणणारे लोक नेहमी भेटतात. दोन्हीकडचे क्रमांक वेगळे, दोन्हींचं लॉगिनही वेगळं.

तक्रारीच्या पोर्टलवर मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून आत शिरायचं, मंत्रालयातला विभाग किंवा जिल्हा पातळीवरचं कार्यालय निवडायचं आणि मराठीत मजकूर लिहायचा. निवारणाचं उद्दिष्ट 21 दिवसांचं आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक, महापालिका, बहुतेक सगळं यात येतं. माझ्या मते याचा खरा उपयोग तेव्हाच, जेव्हा खालच्या कार्यालयात तुम्ही आधी लेखी अर्ज केला आहे आणि तो कुणी उघडूनही पाहिलेला नाही. वरून आलेली तक्रार म्हणून निदान फाइल हलते. पहिलीच तक्रार इथे टाकली, तर ती वरून खाली उतरत त्याच टेबलावर येते जिथे तुम्ही चालत जाऊन अर्ज देऊ शकला असता.

निवारण कसं होतं, तेही बघा. ‘आपली तक्रार उचित कार्यवाहीस्तव संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात आली आहे, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ तक्रार पुढे ढकलली, एवढाच याचा हिशेब, तरी ती निकाली निघालेल्यांच्या यादीत जाते. असं उत्तर आलं तर अभिप्रायात ‘असमाधानी’ नोंदवा, ज्या कार्यालयाकडे वर्ग केली त्याचं नाव टिपून ठेवा आणि यापुढे त्याच कार्यालयाच्या मागे लागा.

सीपीग्राम्स: केंद्राचं काम असेल तरच

केंद्राच्या प्रशासकीय सुधारणा विभागाचं हे पोर्टल 2007 पासून आहे. आधी 30 दिवसांची असलेली मुदत ऑगस्ट 2024 मध्ये 21 दिवसांवर आणली गेली. पासपोर्ट, पोस्ट, आयकर परतावा, केंद्राचं निवृत्तिवेतन, पीएफ, सरकारी बँका या कामांसाठी मी याला ‘आपले सरकार’च्या वर ठेवतो. कारण पाठपुरावा. तक्रार सध्या कोणत्या कार्यालयात आहे आणि कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे आहे, हे स्थिती तपासताना दिसतं. उत्तर पटलं नाही तर तक्रार बंद झाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. अभिप्राय घ्यायला कॉल सेंटरवरून फोनही येतो. तो घाईत ‘हो हो, ठीक आहे’ म्हणून ठेवून देऊ नका, तिथलं ‘ठीक आहे’ तुमच्या नावावर जमा होतं.

मग गल्लीतलं गटारही दिल्लीमार्गे साफ करून घ्यावं का? लोक करतात. पंतप्रधान कार्यालयाला लिहिलेली तक्रारही याच व्यवस्थेत येते, ‘पीएमओपीजी’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो आणि घरी दाखवायला तो भारी वाटतो. पण राज्याच्या अखत्यारीतली तक्रार सीपीग्राम्स राज्याकडेच पाठवतं. तिथून ती विभागाकडे, विभागाकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून पालिकेकडे. प्रवास लांबला, माणूस तोच. न्यायालयात चालू असलेलं प्रकरण, माहिती अधिकाराची बाब, धार्मिक बाब आणि नुसत्या सूचना हे पोर्टल घेतच नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक तक्रारीही आधी खात्यातले मार्ग संपवल्याशिवाय चालत नाहीत.

दाखला अडला असेल तर तक्रार नको, अपील करा

फार थोड्या लोकांना ठाऊक असलेलं हे दार आहे, आणि मला सगळ्यात आवडणारंही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरलेला आहे आणि वरचे दोन अपिलीय अधिकारीही. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत पहिलं अपील. तिथे नाही जमलं तर दुसरं. तेही फसलं तर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं. सेवा द्यायला कसूर केल्याचं सिद्ध झालं तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण ती पगारातून जाते.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ‘आपले सरकार’वर तक्रार टाकणाऱ्याला ‘कार्यवाही चालू आहे’ असं उत्तर मिळतं. त्याच दाखल्याचं अपील करणाऱ्याचा कागद वरिष्ठाच्या टेबलावर निर्णयासाठी जातो, आणि त्यावर आदेश काढावा लागतो.

एक काळजी मात्र घ्या. मुदतीची मोजणी अर्ज पूर्ण असल्यावर सुरू होते. त्यामुळे शेवटच्या दिवशी ‘त्रुटी’ दाखवून अर्ज परत येण्याचा प्रकार घडतो. अर्ज करताना लागणारे सगळे कागद यादीप्रमाणे जोडा आणि पोचपावती जपून ठेवा, अपिलाला तोच क्रमांक लागतो.

फेरफाराचं वेगळं आहे

फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, अडला की आधी ‘आपली चावडी’ हा गावच्या नोटिशींचा ऑनलाइन फलक बघा. गाव निवडलं की फेरफार कोणत्या टप्प्यावर आहे ते दिसतं. हरकती मागवणाऱ्या नोटिशीचे 15 दिवस अजून संपलेले नसतील तर तक्रार करून काहीच होणार नाही. कुणी हरकत घेतली असेल तर प्रकरण वादग्रस्त झालं, त्यावर सुनावणी होते, आणि असा अर्धन्यायिक वाद कोणत्याही तक्रार पोर्टलवर सुटत नाही. हरकत नाही, मुदतही संपली, आणि तरीही मंडळ अधिकाऱ्यांकडून प्रमाणित होत नाही, अशा वेळी तहसीलदारांना अर्ज आणि त्यापाठोपाठ माहिती अधिकार.

माहिती अधिकार हा तक्रारीचा अर्ज नव्हे

तरीही तक्रारीला धार येते ती यानेच. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. माहिती विनाकारण अडवली तर जन माहिती अधिकाऱ्याला रोज 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड. मुदतीत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील, महाराष्ट्रात त्याचे 20 रुपये. त्यापुढे 90 दिवसांत राज्य माहिती आयोग. खरी ढिलाई तिथेच आहे, दुसरी अपिलं आयोगाकडे वर्षानुवर्षं पडून राहतात. म्हणून पहिल्या अपिलातच काम होईल असा अर्ज लिहायचा.

महाराष्ट्रातल्या कार्यालयासाठी राज्याचं ऑनलाइन पोर्टल वापरा. केंद्राच्या पोर्टलवर राज्याचा अर्ज केला तर तो परत येतो आणि शुल्क मात्र परत मिळत नाही. राज्याच्या नियमांत एक विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. ‘झाकण का बसवलं नाही?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कारण माहिती म्हणजे जे कागदावर आहे ते. त्याऐवजी असं लिहा: ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर आजपर्यंत झालेल्या दिनांकवार कार्यवाहीचा तपशील, संबंधित टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती, तसेच ती तक्रार ज्या ज्या अधिकाऱ्यांकडे प्रलंबित होती त्यांची पदनामे व कालावधी द्यावा.’ हा अर्ज हातात पडला की काही कार्यालयांत झाकण आधी बसतं आणि माहिती नंतर येते.

पैसे आणि महिना दोन्ही वाचवायचे असतील तर सोमवारी दुपारी 3 ते 5 कार्यालयात जा. जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि महापालिकांमध्ये या वेळेत नागरिकांना कागदपत्रं बघू द्यावीत, असा राज्याचा नोव्हेंबर 2018 चा शासन निर्णय आहे. दारावरच्या शिपायाला तो माहीत नसतो, तेव्हा त्याची प्रत सोबत ठेवा.

थोडक्यात काही दारं

रेल्वेसाठी रेलमदद किंवा 139. ऑनलाइन फसवणूक झाली तर आधी 1930, बाकी सगळं नंतर, कारण पैसे गोठवायला पहिले काही तासच मिळतात. बँकेची तक्रार आधी बँकेकडे, 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. महावितरणसाठी 1912, पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याच्याही पुढे विद्युत लोकपाल. परदेशात पासपोर्ट अडकला, नोकरीत फसवणूक झाली, तर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल.

मजकुरावर सगळं ठरतं

‘आमच्या भागातील गटारांची अवस्था अत्यंत दयनीय असून वारंवार सांगूनही कोणी दखल घेत नाही. तरी कृपया लक्ष घालावे.’ या तक्रारीचं उत्तर ‘लक्ष घालण्यात आले आहे’ हेच येणार, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे.

त्याजागी असं लिहा: ‘प्रभाग अमुक, अमुक सोसायटीच्या मुख्य फाटकासमोर, मलनिस्सारण चेंबरचे झाकण अमुक तारखेपासून तुटलेले आहे. याबाबत पालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार क्रमांक अमुक नोंदवली, ती काम न होता बंद करण्यात आली. मागणी: नवीन झाकण बसवून कामाचे छायाचित्र या तक्रारीत जोडावे.’ एका तक्रारीत एकच विषय. दिवाबत्ती, कचरा आणि झाकण एकत्र घातलं, तर कचरा उचलला की तिन्ही निकाली. राग, उपरोध, ‘भ्रष्ट’ वगैरे शब्द नकोत. त्यांना उत्तर देणं सोपं असतं, तारखांना अवघड.

झाकणासाठी मी हा क्रम लावीन: आज पालिकेचं अ‍ॅप, फोटोसह. आठवडा गेला की प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज, पोच शिक्का मारून. तिथेही शांतता असेल तर दोन्ही क्रमांक घालून ‘आपले सरकार’. 21 दिवसांनी गोल गोल उत्तर आलं की वरचा माहिती अधिकाराचा मजकूर. आणि हे सगळं चालू असताना महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो. तिथे आयत्या वेळी नुसतं गेलं तर अर्ज घेतला जाईलच असं नाही, ठरलेल्या नमुन्यात तो आगाऊ द्यावा लागतो. तेव्हा प्रत्येक पोर्टलवरचं ‘निकाली’चं उत्तर आलं त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा आणि त्या अर्जाला जोडा.