७० मिमीची दुर्बीण, चार महिने वापरून

लेकीसाठी घेतली होती, आता तिच्यापेक्षा जास्त मीच गच्चीवर असतो. ७० मिमीचं भिंग, फोकल लेन्थ (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं; ७०० ला त्यांनी भागलं की २८ पट आणि ७० पट मोठं दिसतं. खोक्यावर ५२५ पट छापलंय त्याला अजिबात भुलू नका, एवढ्याशा भिंगाला १४० च्या पुढे नुसता धुरकट गोळा दिसतो. स्टँड तर फारच हलका, नुसता हात लागला तरी गुरू थरथरतो, शेवटी खाली मधोमध पाण्याची भरलेली बाटली बांधली तेव्हा कुठे जमलं.

पण पैसे पहिल्याच आठवड्यात वसूल झाले. गुरूच्या बाजूला एका रेषेत तीन ठिपके, लेक म्हणाली बाबा, मागचे तारे आहेत ते. मी काहीच बोललो नाही, म्हटलं वहीत काढून ठेव. दुसऱ्या दिवशी एक ठिपका पलीकडच्या बाजूला! तर म्हणते, मग गुरूच सरकला असेल. माझ्या अंगावर काटा आला हो, कारण ८ जानेवारी १६१० ला खुद्द गॅलिलिओनेही तेच धरलं होतं, तारे जागेवर आहेत आणि गुरूच उलट्या दिशेने सरकलाय. दुसऱ्या ग्रहालाही चंद्र असतील हे डोक्यातच नाही म्हटल्यावर समोर दिसले तरी ते ताऱ्यांतच जमा होणार ना. पॅराडाइम पॅराडाइम म्हणतात ते, म्हणजे आधीच डोक्यात पक्की बसलेली विचारांची चौकट, मला कॉलेजात कधी कळलं नव्हतं, ते इथे कळलं. फ्लॅमस्टीड या खगोलशास्त्रज्ञाने १६९० मध्ये युरेनस ग्रह बघितला आणि तारा म्हणून नोंदवला, १७८१ मध्ये त्याचा शोध लावणाऱ्या हर्शेललाही तो आधी धूमकेतू वाटला. नजर कुणाचीच कमी नव्हती, पण नवा ग्रह सापडेल असं तेव्हा कुणी धरूनच चाललेलं नव्हतं.

पाचव्या रात्री लेक आयपीसवरून डोळा न काढता म्हणाली, "बाबा, हे गुरूला सोडतच नाहीयेत." मी सांगितलं असतं तर हे वाक्य मिळालं नसतं, म्हणून घेणाऱ्यांना एकच विनंती, मुलांना आधी उत्तर सांगू नका.

दुकानात स्टँड हलवून बघा, भिंगाइतकाच तो महत्त्वाचा. सूर्याकडे मात्र फिल्टरशिवाय चुकूनही लावायची नाही, आमच्याकडे दिवसा ती कपाटातच असते.